एकोणपन्नास दिवस, एकच आकडा

"आज लस मिळणार नाही, काका. पुढच्या मंगळवारी या," सिस्टर म्हणाल्या, आणि बर्फकाकांचं डोकं फिरलं.

फिरणारच. दोन बस बदलून यायचं, उपाशीपोटी रक्त द्यायचं, तीन तास प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून कंबर मोडून घ्यायची आणि शेवटी हे ऐकायचं. तुमचं-माझंही फिरलं असतं. आणि कारण काय, तर वहीतला एक रकाना रिकामा.

त्याचं झालं असं. या हॉस्पिटलच्या संशोधन विभागात लसीच्या कुप्या फ्रीजरमध्ये उणे सत्तरला ठेवतात. दर दोन तासांनी तापमान बघून वहीत लिहायचं. काल दुपारी वीज गेली. जनरेटर सुरू झाला, पण आकडा दाखवणारी पट्टी बंदच राहिली, आणि चार वाजेपर्यंत ते कोणाच्या लक्षात आलं नाही. चारला ती सुरू करून पाहिलं तर उणे सत्तर. बारालाही उणे सत्तर होतं. दोनच्या रकान्यात मात्र काहीच नाही. तेवढ्यावरून सिस्टरांनी सगळ्याच्या सगळ्या कुप्या बाद केल्या होत्या.

"अहो सिस्टर, मी तीस वर्षं कोल्ड स्टोरेजमध्ये काढलीत. असा फ्रीजर चार तासांत तापत नसतो. दार उघडलं नसेल तर काटा हलायचा नाही."

"नसेलही हलला."

"मग झालं तर. बाराला उणे सत्तर, चारला उणे सत्तर. मध्ये उणे सत्तर लिहा आणि मोकळ्या व्हा. आमच्याकडे तेच करतात."

सिस्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "काका, सकाळपासून मी पाचव्या माणसाला हे सांगतेय, आता शेवटचं सांगते. रकाना रिकामा असला तर मला निदान एवढं कळतं की मला माहीत नाही. तो मी मनाने भरला, तर मला माहीत नाही हेसुद्धा मला कळणार नाही. मग तुमच्या दंडात मी काय टोचतेय?"

"कुप्या चांगल्याही असतील कदाचित."

"असतील. पण 'कदाचित' टोचता येत नाही."

"नसता कीस पाडायचा झालं," काका पुटपुटले आणि पिशवी उचलून निघाले. डायरी तशीच पिशवीत राहिली. सिस्टरांनी मागितली नाही, हे एका अर्थी बरंच झालं, कारण ती कोरी होती.

आता ही डायरी काय आणि काका कोण, ते सांगतो.

काकांचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण हाक कोणी त्या नावाने मारत नाही. मटार, मासे, लोणी असला माल साठवणाऱ्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये ते मशीन ऑपरेटर. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून कामाला निघतात, म्हणून आळीतल्या पोरांनी त्यांचं नाव बर्फकाका ठेवलं आणि ते मोठ्यांच्याही तोंडी बसलं. चार वर्षांपूर्वी त्यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया निघाला. रक्ताचा कॅन्सर, पण सावकाश चालणारा. रोजची एक गोळी सुरू झाली आणि गोळीने रोग दाबून धरला. दाबून धरला, संपवला नाही. रक्ताच्या तपासणीत बिघडलेल्या पेशींचा एक बारीकसा आकडा उरायचा तो उरायचाच.

त्या उरलेल्या आकड्यासाठी ही लस. आपल्याला माहीत असलेली लस रोग होऊ नये म्हणून घेतात. ही रोग झाल्यावर घ्यायची. बिघडलेल्या पेशी कोणत्या, ते शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशींना ओळखायला शिकवायचं, असा तिचा बेत. शेजारचे इस्त्रीवाले काकांना म्हणाले होते, "तुम्हाला तर झालाय ना रोग? चोरी झाल्यावर कुलूप कशाला?" काका म्हणाले, "चोर अजून घरातच आहे हो." डॉक्टरांनाही इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं.

पण ती लागू पडते का, किती द्यायची, त्रास काय होतो, हे अजून कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं. म्हणून तर चाचणी चालली होती. पहिल्या गटात सहा जण, त्यांना लहान डोस. त्यांचं सगळं सुरळीत गेलं तर दुसऱ्या गटाला दुप्पट. काका पहिल्या सहांपैकी एक. प्रत्येकाला एक डायरी दिलेली. रोज तापमान घ्या, गोळी घेतली की खूण करा, काही त्रास झाला तर लिहा. बस, एवढंच काम. दिवसाला दोन मिनिटांचं.

काकांनी ते सात आठवड्यांत एकदाही केलं नाही.

*

मंगळवारच्या आदल्या रविवारी सकाळी काका डायरी घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले आणि एकाच निळ्या पेनाने एकोणपन्नास दिवस भरायला लागले. तापमान ९८.४. गोळी, खूण. त्रास, नाही. ९८.४. खूण. नाही. हात सरावाचा होता. कोल्ड स्टोरेजच्या रजिस्टरात दर तासाला उणे अठरा लिहायचं असतं, आणि पाळी संपताना आठही रकाने एका दमात कसे भरायचे, ते काकांनी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात आपल्या वरच्या ऑपरेटरकडून शिकून घेतलं होतं. अक्षर थोडं बदलायचं, मधूनच उणे साडेसतरा टाकायचं, म्हणजे खरं वाटतं. डायरीत तेवढीही तसदी त्यांनी घेतली नाही.

बायको समोर भाजी निवडत होती. तिने बराच वेळ पाहून घेतलं.

"तो ताप कुठे लिहिलात?"

काकांनी पान उलटलं.

दुसऱ्या डोसच्या संध्याकाळी त्यांना थंडी वाजून एकशे तीन ताप भरला होता. दात वाजत होते. बायको कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसली, तिला स्वयंपाक सुचला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढे पोटात काही ठरेना, म्हणून काकांनी गोळीही सोडली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, बारा दिवस. त्याच काळात दर शुक्रवारी सिस्टरांचा फोन यायचा. "काका, ताप? उलट्या? गोळी चालू आहे ना?" आणि काका अंथरुणातून सांगायचे, "एकदम ठणठणीत."

"अहो, मी विचारतेय, ताप कुठे आहे यात?"

"लिहिला तर काढून टाकतील मला. इतके हेलपाटे घातले ते पाण्यात. आणि डॉक्टर किती आपुलकीने विचारतात, त्यांना कशाला वाईट वाटायला लावायचं? गेला ना ताप? आता आहे का? नाही. मग विषय संपला."

"म्हणजे मी रात्री जागले ते कोणासाठी, ९८.४साठी?"

"तू ना, उगाच शब्दात पकडतेस."

उरलेल्या बारा गोळ्या त्यांनी पाकिटातून फोडून काढल्या होत्या, कारण रिकामी पाकिटं परत द्यावी लागतात. त्या कचऱ्यात टाकायला ते उठले, तर बायकोने हातातून काढून घेतल्या आणि चष्म्याच्या जुन्या डबीत भरल्या. "टाकायच्या तर त्या हॉस्पिटलमध्येच नेऊन टाका. माझ्या घरात हे चालायचं नाही," ती म्हणाली आणि डबी त्यांच्या पिशवीत घातली. मग भाजी घेऊन आत गेली. दिवसभर तिने ताटलीशिवाय काही पुढे केलं नाही.

मंडळी, बर्फकाकांना नावं ठेवायच्या आधी जरा आपल्याकडे बघू या. ऑफिसच्या संडासाच्या दारामागे एक कागद लावलेला असतो, दर तासाला साफसफाई केल्याच्या सह्यांचा. साडेपाचची सही सव्वाअकरालाच झालेली मी या डोळ्यांनी पाहिलीय, आणि गप्प बसलोय. आग विझवायच्या नळकांड्यावर तपासणीची चिठ्ठी असते, तिच्यावर सहा महिन्यांच्या तारखा एकाच हाताच्या, एकाच शाईच्या. आपण सगळेच रकाने भरतो. मोकळी जागा आपल्याला बघवत नाही. आणि ते बघून चीड यायची तीही आता येईनाशी झालीय, याचीच मला खरी चीड येते.

*

मंगळवारी काकांच्या शेजारच्या खुर्चीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. मागच्या वेळीही त्या होत्या, आणि त्यांनाही तसंच परत पाठवलं होतं. पन्नाशीच्या, सडसडीत. ब्लाउजच्या खांद्याला दोन टाचण्या टोचलेल्या तशाच राहिल्या होत्या. रोग तोच. तीन प्रकारच्या गोळ्या करून झालेल्या; एकीने अंगभर पुरळ, दुसरीने फुप्फुसाभोवती पाणी धरलेलं, तिसरी कशीबशी चालली होती.

"आज माझा पहिला नंबर," त्या काकांना म्हणाल्या. "दुसऱ्या गटातली पहिली मी. दुप्पट डोस."

"भीती नाही वाटत?"

"वाटत होती. पण तुमच्या गटात कोणाला साधी कणकणसुद्धा आली नाही म्हणे. आधी आम्हाला दोन दिवस इथे ठेवून घेणार होते, आता दोन तास बसवून घरी सोडतात. बरंच झालं. दुकान बंद ठेवायला नको."

"घरी कोण असतं?"

"शिलाई मशीन," त्या हसल्या. "एकटीच असते मी. तीन तासांचा प्रवास आहे. आत्ता बाराला डोस झाला की दिवसाउजेडी पोचेन."

काकांना त्या बसल्या जागी पुन्हा थंडी वाजल्यासारखं झालं. एकशे तीन त्यांना लहान डोसने आला होता. घड्या ठेवायला बायको होती. पाण्याचा पेला तोंडाला लावायलासुद्धा तीच होती, कारण त्यांच्या हातात तो धरवत नव्हता. या बाईंना दुप्पट डोस, एकदा पाणी धरलेली फुप्फुसं आणि सोबतीला शिलाई मशीन.

तेवढ्यात काकांना आत बोलावलं. डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट पुढ्यात घेऊन वैतागलेले दिसत होते.

"हे काही जुळत नाही, काका. तुमचा आकडा वाढलाय. फार नाही, पण वाढलाय. गोळी रोज चालू आहे ना?"

"हो."

"मग गोळी दाद देईनाशी झाली असेल, किंवा लस निरुपयोगी असेल. गोळी बदलावी लागेल. लसीबद्दलही आम्हाला तसंच लिहावं लागेल." ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होते. "चार वर्षांचं काम आहे हो हे."

सिस्टर बाजूला काकांची डायरी चाळत होत्या. एक पान, दोन पानं, तीन. मग त्या थांबल्या.

"काका, एकोणपन्नास दिवस ९८.४?"

"माझी तब्येत तशीच आहे पहिल्यापासून. एकसारखी."

"माझ्या फ्रीजरचीसुद्धा इतकी एकसारखी नसते." त्यांचा आवाज चढला नाही, पण चेहरा पार उतरला. "मागच्या आठवड्यात मी वीस कुप्या फेकल्या. वरून शिव्या खाल्ल्या, खालून शिव्या खाल्ल्या, तुमच्याही खाल्ल्या. एका रकान्यासाठी. आणि इथे तुम्ही... जाऊ दे. मी यावर 'शंकास्पद' असा शेरा मारते. बाकी मी काय करणार? तुमच्या अंगात काय झालं ते बघायला मी तुमच्या घरी नव्हते. तुम्हीच होतात."

बाहेरून आवाज आला. शिवणकामवाल्या बाईंना लस द्यायच्या खोलीत बोलावलं होतं. त्यांच्या चपलांचा आवाज दारावरून पुढे गेला.

काका उठले. त्यांना वाटलं, आपण घरी निघालोय. पिशवी घ्यायला हात घातला तर हाताला चष्म्याची डबी लागली. ती त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि उघडली.

"बारा आहेत. मी घेतल्या नाहीत. मला ताप आला होता. दुसऱ्या डोसनंतर, एकशे तीन, दोन दिवस. हातात पेला धरवत नव्हता. फोनवर मी खोटं बोललो. त्या बाईंना आज टोचू नका. त्यांच्या घरी कोणी नाही!"

सिस्टर डायरी तिथेच टाकून धावल्या. डॉक्टरांनी डबीतल्या गोळ्यांकडे पाहिलं, मग रिपोर्टकडे, आणि दोन्ही हात कपाळाला लावून बसले. ते म्हणाले, "म्हणजे गोळी काम करतच होती."

"हो."

"आणि तुमच्या शब्दावर मी ती बदलणार होतो. हातातलं चांगलं औषध काढून घेणार होतो तुमच्याकडून."

"माझं चुकलं."

"का केलंत पण असं?"

काकांनी खरंच विचार केला. घाबरून केलं, हे अर्धंच होतं. "सवय आहे," ते म्हणाले. "रकाना दिसला की भरतो."

*

असं खरं बोललं की वाजतगाजत मिरवणूक निघते असं वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. काकांना तिसरा डोस मिळाला नाही. बारा दिवसांच्या खंडाने ते चाचणीच्या नियमात बसेनासे झाले. दुसऱ्या गटाचं काम तपासणी होईपर्यंत थांबलं. बाहेरच्या खोलीत शिवणकामवाल्या बाई दंडावरची बाही खाली करत उभ्या होत्या. कापसाचा बोळा दंडाला लागला होता, सुई लागायची राहिली होती.

"तुम्ही बोललात म्हणून थांबवलं?"

"हो, ताई."

"आणि आधी तुम्ही बोलला नाहीत म्हणून मला दोन तासांत घरी सोडणार होते?"

"हो."

"मी तुमच्याशी काय बोलू तेच मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे चौथी गोळी नाहीये हो, काका. तुमच्याकडे अजून दुसऱ्या गोळ्या आहेत, माझ्याकडे नाहीत." आणि मागे न बघता निघून गेल्या. काकांनी त्यांना अडवलं नाही. काय म्हणून अडवणार?

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "डबी कुठेय?" काका म्हणाले, "दिली." तिने चहा ठेवला. रविवारनंतर ती पहिल्यांदा त्यांच्यासमोर येऊन बसली.

दोन महिन्यांनी चाचणी पुन्हा सुरू झाली. नियम बदलला होता. डोस थोडा कमी केला होता आणि दोन दिवस हॉस्पिटलमध्ये राहणं सक्तीचं होतं. शिवणकामवाल्या बाईंचा डोस झाल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांचाच काकांना फोन आला. नंबर त्यांनी सिस्टरांकडून घेतला होता.

"काका, ताप एकशे चारवर गेला होता. श्वास लागला. ऑक्सिजन लावला दिवसभर. घंटा वाजवली की माणूस येत होतं." त्या जरा थांबल्या. "नाहीतर मी बसमध्ये असते हो त्या वेळी."

"आता बरं आहे ना, ताई?"

"आता आहे. लस कामाची आहे की नाही, ते सहा महिन्यांनी कळेल म्हणतात. पण मी डायरी लिहितेय. काल उलटी झाली तीपण लिहिली, रंगासकट. सिस्टर म्हणाल्या, एवढं नको लिहू." त्या हसल्या आणि त्यांना खोकला आला. काकांनी खोकला थांबेपर्यंत फोन कानाला धरून ठेवला.

सांगायचं ते एवढंच. नवं औषध असो, लस असो, रक्ताच्या कॅन्सरसारख्या चिवट रोगावरचा इलाज असो, तो काही नुसता प्रयोगशाळेत तयार होत नाही. तो आपल्यासारख्या साध्या माणसांनी लिहिलेल्या आकड्यांवर उभा राहतो. आपण डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून, भीती म्हणून, कंटाळा म्हणून "सगळं ठीक" असं लिहितो, तेव्हा तो ताप नाहीसा होत नाही. तो आपल्या मागून येणाऱ्या माणसाच्या अंगात चढतो, आणि त्याच्या घरी घड्या ठेवायला कोणी आहे की नाही, हे आपल्याला माहीत नसतं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. गोळी चुकली तर चुकली म्हणा. त्यात लाज नाही. लाज असलीच तर ती सुबक भरलेल्या खोट्या रकान्यात आहे.

तो फोन काकांनी कामावर असताना घेतला होता, बाहेर पायरीवर बसून. बोलणं संपवून ते आत गेले तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. मीटरवर उणे सोळा होतं, कॉम्प्रेसर धापा टाकत होता. त्यांनी मेकॅनिकला निरोप धाडला, चार वीस अशी वेळ टाकून उणे सोळा लिहिलं, आणि चारचा रकाना मोकळा सोडला.

संध्याकाळी मॅनेजर रजिस्टर घेऊन आला, त्याच्या कपाळावर आठ्या. "हे काय, बर्फकाका? तीस वर्षांत पहिल्यांदा जागा सोडलीत. चारला किती होतं?"

"माहीत नाही," काका म्हणाले. "मी नव्हतो बघितलं."

"मग उणे अठरा टाका ना."

काकांनी पेन खिशाला लावलं आणि स्वेटर काढायला घेतला.